शेरा : निरंक

सरकारी नोकरीत माणसाच्या हातून जे लिखाण होते त्याला वाचक नसतात, आणि म्हणून त्यातील चुकांना टीकाकारही लाभत नाहीत. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत मी चौतीस वर्षे काढली. त्यांतील पहिली सहा-सात वर्षे कारखान्यांतून, दुकानांतून आणि गोदामांतून हिंडून मजुरीचे आकडे गोळा करण्यात गेली. कोणत्या कामाला काय रोज मिळतो, पुरुषाला किती, स्त्रीला किती, एवढेच विचारायचे आणि छापील तक्त्यात लिहून आणायचे. काम कंटाळवाणे होते. ते अवघडही आहे हे कळायला मला फार उशीर लागला. समोरचा जे सांगतो ते कानामात्रेचाही फरक न करता लिहून घेणारा माणूस खोटे लिहू शकतो काय, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला अधिकच छळू लागला आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

१९८६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंदूरमध्ये तयार कपड्यांचा धंदा मोठा आहे, आणि त्या काळी तो बराचसा अरुंद गल्ल्यांतील दुमजली घरांतून चाले. अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर मी तक्ता घेऊन बसलो होतो. मुनीमजी हजेरीपट पाहून सांगत होते : कटर मास्टर दोन, ऑपरेटर बारा, हेल्पर नऊ. कटर आणि ऑपरेटर सगळे पुरुष, हेल्पर सगळ्या स्त्रिया. ऑपरेटर आणि हेल्पर यांच्या रोजात सहा-सात रुपयांचे अंतर. त्या वेळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. मी मुकाट्याने लिहीत होतो. भिंतीकडेला नऊपैकी सहा बाया बटणे लावण्याचे आणि धागे कापण्याचे काम करीत होत्या. उरलेल्या तिघी ओव्हरलॉकच्या मशीनवर बसल्या होत्या. त्यांतील चाळिशीची एक बाई माझे आडनाव ऐकून मराठीत बोलू लागली. बोलण्याला खानदेशी हेल होता.

"साहेब, माझ्या नावापुढं काय लिव्हलं?"

"हेल्पर."

"मग ही मशीन कोन चालवतंय?"

"बाई, रजिस्टरात असेल तेच मला लिहावं लागतं," मी म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा मशीनवर वाकली. तक्त्याचा शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. काही वेगळे दिसल्यास तिथे नोंद करायची असे. मी त्यात नेहमीप्रमाणे 'निरंक' लिहिले. हिंदी प्रांतातील कचेऱ्यांत हा शब्द फार चालतो. सांगण्यासारखे काही नाही, असा त्याचा अर्थ.

पुढे त्या पाहणीचा गोषवारा तयार झाला, आणि तो लिहिणाऱ्यांत मीही एक होतो. तयार कपड्यांच्या धंद्यापुरते त्यात एक वाक्य होते : एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या रोजात लक्षणीय तफावत आढळून आली नाही. हे वाक्य अक्षरशः खरे होते. तफावत आढळायला एकाच व्यवसायाच्या ओळीत दोन्ही रकाने भरलेले असावे लागतात. आमच्या तक्त्यात ऑपरेटरच्या ओळीत स्त्रियांचा रकाना रिकामा होता आणि हेल्परच्या ओळीत पुरुषांचा. दोन रिकाम्या रकान्यांतून आम्ही समतेचा निष्कर्ष काढला होता.

माझ्या बचावाला एक मुद्दा आहे आणि तो लंगडा नाही. पाहणी करणाऱ्याने व्यवसायाचे नाव मालकाच्या दप्तरावरून घ्यावे, स्वतःच्या मनाने देऊ नये, असा आम्हांला दिलेला नियम होता, आणि तो शहाणपणाचाच होता. शंभर पाहणीदार शंभर ठिकाणी आपापल्या समजुतीप्रमाणे कामांची नावे ठरवू लागले, तर भोपाळला पोहोचलेल्या तक्त्यांची बेरीज कोण करणार? एकाने ज्याला ऑपरेटर म्हटले त्याला दुसरा अर्धकुशल कामगार म्हणेल. याचसाठी देशभराकरिता व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण आहे. ते १९५८ मध्ये झाले, मग १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारले गेले. मोजमापाला मोजणाऱ्याची मर्जी चालत नाही. मण आणि शेर गावोगाव निराळे होते तेव्हा बाजारात काय गोंधळ होता हे आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे. तेव्हा नियम मोडून मी त्या बाईला ऑपरेटर लिहायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही. मला टोचतो तो शेऱ्याचा रकाना. तो नियमानेच दिलेला होता, रिकामा होता, आणि त्यात दोन ओळी लिहायला कोणाची परवानगी लागणार नव्हती.

मजुरीची अशी शास्त्रशुद्ध मोजणी आपल्याकडे सुरू झाली ती मुंबईच्या कापड गिरण्यांत. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढले. त्याचे संचालक फिंडले शिरास यांनी गिरण्यांतील मजुरी आणि कामाचे तास यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष, स्त्रिया, वाढत्या वयाचे मुलगे आणि लहान मुले असे निरनिराळे रकाने त्यात होते, आणि प्रत्येक खात्यातील प्रत्येक कामाची ओळ वेगळी होती. त्या तक्त्यांचा साचा पाहिला की माझ्या हातातला तक्ता कोणत्या घराण्यातला, हे लगेच ओळखू येते. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया असत. पण त्या सगळ्या खात्यांत विखुरलेल्या नव्हत्या. वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याची कामे, जवळजवळ त्यांच्याच हाती होती, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीण असे. मागावर बसणारा विणकर पुरुष. विणकराची कमाई वाइंडिंगवालीच्या कितीतरी वर. आता या दोघांची तुलना करावी की करू नये? काम निराळे, खाते निराळे, यंत्र निराळे. तक्ता म्हणतो, करू नका. पण वाइंडिंगवालीला मागावर का बसवत नाहीत, हे विचारायला तक्त्यात जागाच नाही.

कायद्याची गाडीही याच रुळावर चालत आली आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात पुरुष आणि स्त्रिया या दोहोंनाही समान कामाबद्दल समान वेतन मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ साली जो शंभरावा करार केला त्यात शब्द थोडे वेगळे आहेत. तिथे समान मूल्याच्या कामाबद्दल समान वेतन म्हटले आहे. भारताने त्या करारास १९५८ मध्ये मान्यता दिली. परंतु १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला तेव्हा त्यात शब्द आले ते 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम' असे. 'समान मूल्याचे' आणि 'तशाच स्वरूपाचे' यांत अंतर केवढे आहे ते पाहा. पहिल्यात दोन निराळी कामे शेजारी ठेवून त्यांची किंमत विचारता येते. दुसऱ्यात आधी ती कामे सारखी आहेत हे दाखवावे लागते. २०१९ च्या वेतन संहितेने जुना कायदा आपल्यात सामावून घेतला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण 'तेच किंवा तशाच स्वरूपाचे' ही कसोटी तिनेही कायम ठेवली आहे.

१९७६ च्या कायद्याखाली मालकाने एक नोंदवही ठेवावी असा नियम होता. तिचा नमुना 'डी'. कामगारांचा वर्ग, कामाचे थोडक्यात वर्णन, पुरुष किती, स्त्रिया किती, वेतनाचा दर, असे तिचे रकाने. मी अशा नोंदवह्या पुष्कळ पाहिल्या. व्यवस्थित ठेवलेली नोंदवही बहुधा अशी असे की प्रत्येक ओळीत एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मालक कायद्याला घाबरत नसे. त्याला तशी गरजच पडत नसे. 'कामाचे थोडक्यात वर्णन' या रकान्यात हेल्परपुढे काय लिहिलेले असे? 'हेल्परचे काम'. हे मी विनोदाने लिहीत नाही.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात हवाई सुंदरी आणि विमानातील पुरुष पर्सर हे दोन निराळे संवर्ग आहेत हे न्यायालयाने मान्य केले, आणि त्यामुळे त्यांच्या सेवाशर्तींतील फरकाची तक्रार टिकली नाही. (पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याची अट मात्र न्यायालयाने रद्द केली, हे त्याच निकालाचे श्रेय.) १९८७ साली मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा हा खटला आला. मुंबईच्या त्या खाजगी कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन होते. कंपनीचे म्हणणे, या बाया वरिष्ठ अधिकाऱ्यांशी संलग्न असलेल्या 'गोपनीय' लघुलेखिका, त्यांचा वर्ग वेगळा. न्यायालयाने नावाच्या आड दडलेले काम पाहिले. त्या जागी फक्त स्त्रियाच असतील तर त्या व्यवस्थापनाला तिथे हव्या होत्या म्हणून आहेत, अशा आशयाचे मत देऊन न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि समान वेतन देण्याची ऐपत नाही ही सबबही ऐकून घेतली नाही. एक साधी लघुलेखिका नाव उलगडून दाखवण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. माझ्या ओव्हरलॉकवाल्या बाईने तोच प्रश्न त्याच्या एक वर्ष आधी एका कनिष्ठ सरकारी नोकराला विचारला होता, आणि तो त्याच्या अधिकारात नव्हता. निदान त्याने तसे सांगितले.

मशीनवर शिवण्याचे काम कुशल की अकुशल, हा वाद काही इंदूरचाच नाही. इंग्लंडमध्ये डॅगनहॅम येथे फोर्ड कंपनीच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांना कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकले होते. १९६८ मध्ये त्यांनी संप केला. आसनांची आवरणे नाहीत म्हणजे मोटारी नाहीत, अशी वेळ आली. मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली, पगार वाढला, आणि १९७० मध्ये तिथे समान वेतनाचा कायदाही झाला. जगात हा संप समान वेतनाचा विजय म्हणून गाजला. परंतु त्या स्त्रियांची मूळ तक्रार श्रेणीबद्दल होती, आमच्या कामाला कुशल म्हणा ही होती, आणि ती मान्य व्हायला १९८४ साली दुसरा संप करावा लागला. म्हणजे पैशांची बाजू सुधारायला तीन आठवडे लागले आणि नाव सुधारायला सोळा वर्षे. त्याच देशात नंतर ज्युली हेवर्ड नावाची एका जहाजबांधणी कारखान्याच्या भोजनगृहातील स्वयंपाकीण न्यायालयात गेली. माझे काम रंगाऱ्याच्या आणि सुताराच्या कामाइतक्याच मूल्याचे आहे, असे तिचे म्हणणे. १९८८ मध्ये तेथील उमरावांच्या सभागृहाने तिच्या बाजूने निर्णय दिला. स्वयंपाक आणि सुतारकाम एका तराजूत! 'समान मूल्य' या शब्दांत एवढी ताकद आहे, आणि आपल्या कायद्यात ते शब्द आलेले नाहीत.

माझे एक स्नेही एका खाजगी गिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. संध्याकाळी वाचनालयात भेट होते. त्यांना हे सारे विवेचन पसंत नाही. ते म्हणतात, "तुम्ही सरकारी माणसं. सरासरी काढता आणि अन्याय झाला म्हणून ओरडता. जो गाठी उचलतो आणि जी धागे कापते, त्यांची सरासरी एकत्र करून काय मिळणार?" त्यांचे म्हणणे थोडे हिशेबाने तपासू. समजा, एका कारखान्यात पन्नास पुरुष आणि पन्नास स्त्रिया आहेत. ऑपरेटरला रोज ५०० रुपये, हेल्परला ३००, मग तो कोणीही असो. पुरुषांत ४० ऑपरेटर आणि १० हेल्पर. स्त्रियांत नेमके उलटे. पुरुषांची सरासरी ४६० रुपये होते आणि स्त्रियांची ३४०. कामागणिक पाहिले तर फरक शून्य. सगळे मिळून पाहिले तर पुरुषाच्या रुपयामागे स्त्रीला चौऱ्याहत्तर पैसे. आता खरे उत्तर कोणते? माझे स्नेही म्हणतील, शून्य. त्यांना विरोध करणारा म्हणेल, सव्वीस पैसे. माझ्या मते दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण ती दोन निराळ्या प्रश्नांची आहेत. पहिला प्रश्न, मालक एका कामाला दोन दर लावतो काय. दुसरा प्रश्न, कोणते काम कोणाला मिळते. लबाडी होते ती पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले जाते तेव्हा. आमच्या गोषवाऱ्यात तेच झाले होते.

स्नेह्यांचा दुसरा मुद्दा रात्रपाळीचा, आणि त्यात तथ्य आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी कारखान्यात कामाला लावण्यास मनाई केली होती; राज्य सरकारला त्यात थोडी ढिलाई देता येई. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की ज्या खात्यात तीन पाळ्या चालतात तिथे स्त्री ठेवणे मालकाला गैरसोयीचे झाले. मालकाला दोष देण्याआधी आपण हे पाहिले पाहिजे की संरक्षणाच्या नावाखाली शासनानेच काही दारे बंद केली. नव्या श्रमसंहितांत स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रीचे काम खुले झाले आहे. प्रत्यक्षात संमती कोण कशी घेणार, हा प्रश्न निराळा.

आणि स्नेह्यांना माहीत नसलेली, पण त्यांच्या बाजूने जाणारी आणखी एक गोष्ट आहे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्लॉडिया गोल्डिन यांना मिळाले. त्यांनी अमेरिकेतील दोन शतकांच्या नोंदी धुंडाळून दाखवले की आजच्या श्रीमंत देशांत स्त्री-पुरुषांच्या कमाईतील फरकाचा मोठा भाग निराळ्या व्यवसायांमुळे नसून एकाच व्यवसायाच्या आत आहे, आणि तो मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढतो. जो केव्हाही बोलावले तरी येतो, रात्री उशिरापर्यंत बसतो, त्याला ताशी दरही अधिक मिळतो. म्हणजे कामाचे नाव अगदी बरोबर लिहिले, दोन्ही रकाने भरले, तरी फरक उरतोच. तो मोजायचा तर कामाचे तास मोजावे लागतात. एवढ्यावरही भागत नाही. घरातलेही तास मोजावे लागतात. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात असे आढळले, आणि हे सगळे विनामोबदला. कारखान्याच्या तक्त्यात हे दोनशे एक मिनिटांचे अंतर येत नाही, पण त्या तक्त्यातील आकड्यांवर त्याची सावली पडलेली असतेच. हे मान्य केले की नुसते नाव सुधारून काम भागेल, हा माझा जुना समज मला थोडा सोडावा लागतो.

काही ठिकाणी तर मोजणी सुरूच होऊ शकत नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी टोळी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिथे मजुरीचे माप माणूस नसून 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्याच्या नावावर, आणि रक्कम बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. त्यात बाईची मजुरी किती? ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेते, पण तिच्या वाट्याला स्वतंत्र असा आकडा येत नाही. पाहणीदाराने तिथे काय लिहावे? निम्मे-निम्मे करून टाकले तर तक्त्यात संपूर्ण समता दिसेल, देशात कुठे नाही इतकी. ग्रामीण मजुरीचे दर जमा करणारा केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो निदान एक शिस्त पाळत आला आहे : एखाद्या राज्यातून एखाद्या कामाचे पाचांहून कमी दर मिळाले तर त्यांची सरासरी देत नाही, जागा कोरी ठेवतो. त्या कोऱ्या जागा मला आवडतात. त्या 'निरंक' म्हणत नाहीत.

आता थोडे घरच्याविषयी. माझी आत्या अकाली विधवा झाली आणि पुढची तीस वर्षे तिने इंदुरातील दोन-तीन सुस्थितीतील मराठी घरांत स्वयंपाक केला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी बाई येऊन गेली असेल. दोन वेळचे जेवण, वर्षाला दोन लुगडी, दिवाळीला काही रोख, आणि महिन्याला जे काही हातावर ठेवतील ते. त्याला पगार म्हणत नसत. पगार कारकुनाचा असे. आत्याला 'देत' असत. त्याच घरी मुंज किंवा लग्न निघाले की बाहेरून आचारी येई. तो पुरुष. त्याची बिदागी आधी ठरत असे, घासाघीस होत असे, सुपारी दिली जात असे, आणि आत्या त्याच्या हाताखाली पुऱ्या लाटत असे. रोजच्या वरण-भातात आणि लग्नाच्या पंगतीत कौशल्याचा फरक आहे, हे मला मान्य. पण पंचवीस माणसांच्या एकत्र कुटुंबाचे सोवळ्यातले जेवण तीस वर्षे एकटीने वेळेवर वाढणे हे कौशल्य कोणत्या श्रेणीत बसते? तिला आचारी हा शब्द कोणी लावला नाही. त्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप मला तरी कधी ऐकू आले नाही. स्वयंपाकीण म्हणत, किंवा नुसते 'आमच्याकडच्या काकू'. काकू म्हटले की पगारवाढ मागता येत नाही. खाजगी क्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो. आपले स्वयंपाकघरही त्यातच मोडते, आणि त्याचा हजेरीपट आपणच ठेवतो.

हे सारे गेल्या भाद्रपदात पुन्हा वर आले. एका मंडळाच्या गणेशोत्सवाचे हिशेब तपासण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. महाप्रसादाच्या खर्चाच्या पावतीवर लिहिले होते : आचारी एक, कारागीर तीन, महिला सहा. पुरुषांच्या पुढे त्यांच्या कामाचे नाव होते. बायांच्या पुढे त्या बाया आहेत एवढेच होते. दर तिन्हींचे वेगळे, आणि महिलांचा कारागिराच्या निम्म्याहून थोडा वर. मी कोषाध्यक्षांना विचारले. ते तरुण आहेत, संगणक क्षेत्रात चांगल्या हुद्द्यावर आहेत, आणि मनाने सज्जन आहेत.

ते म्हणाले, "काका, तो महाराजांचा आतला हिशेब आहे. आपण त्यांना एकरकमी देतो. त्यांच्या बायांना ते काय देतात, यात आपण कसं पडणार?"

"पण त्या सहा जणी करत काय होत्या?"

"पुऱ्या, भाज्या चिरणं, वाढणं... सगळंच."

"आणि कारागीर?"

ते थोडा वेळ थांबले. "तळणं. आणि बुंदी पाडणं." मग हसून म्हणाले, "पण खरं सांगू का, या वर्षी बुंदीसुद्धा त्यांच्यातल्याच एका बाईनं पाडली. कारागीर एक दिवस आलाच नव्हता."

"तिला त्या दिवशी कारागिराचा दर दिला?"

"ते महाराजांनाच विचारावं लागेल."

महाराजांना मी फोन केला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता. कुठेतरी दुसरीकडे पंगत बसायची होती. ते म्हणाले, बाबूजी, औरतों का रेट तो औरतों का ही रहता है, और उसने तो एक ही दिन किया. मी पावती समोर घेऊन बसलो. हिशेब तपासनिसाच्या सहीच्या वर शेऱ्यासाठी दोन बोटे जागा असते. बाईचे नाव मला ठाऊक नव्हते. ते कोषाध्यक्षांनाही ठाऊक नव्हते. म्हणून मी लिहिले : महिला सहा, पैकी एकीने कारागिराचे काम केले, तिचा दर निराळा दाखवलेला नाही, खुलासा व्हावा. खाली सही केली आणि तारीख घातली. अडतीस वर्षांच्या सवयीने हात 'निरंक'कडे वळला नाही असे मात्र म्हणवत नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत तो शेरा वाचला गेला, आणि पुढच्या वर्षी ठेका देताना पाहू, असे ठरले.